विषाणू मेला की पेशी? पीआरआरएसवरची औषधं तपासताना, प्लेटपासून शेडपर्यंत

पशुवैद्यकीय विषाणुशास्त्रात संशोधन करणाऱ्या मुलांचा एक फोन मला अधूनमधून येतोच. "सर, अमुक औषधाने विषाणू नव्याण्णव टक्के कमी झाला!" आवाजात आनंद मावत नसतो. मी एकच विचारतो, "विषाणू न घालता नुसतं औषध घातलेल्या पेशी कशा होत्या?" मग पलीकडे थोडा वेळ शांतता असते.

विषाणूला वाढायला जिवंत, धडधाकट पेशी लागते. पेशी आजारी पडली की विषाणू आपोआप कमी होतो. फिनाईल घाला, साबण घाला, विषाणू शून्यावर येईल, पण त्याला कोणी औषध म्हणत नाही. पुढची सगळी खटपट या दोन गोष्टी वेगळ्या करण्यासाठीच आहे.

कोणता विषाणू, कोणती लॅब

उदाहरण घेतोय पीआरआरएसचं, म्हणजे गाभण डुकरिणी गाभटवणाऱ्या आणि पिल्लांची फुप्फुसं धरणाऱ्या रोगाचं. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत तो पहिल्यांदा दिसला तेव्हा कारणच सापडत नव्हतं, म्हणून त्याला 'गूढ रोग' म्हणत. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या लेलिस्टाड इथे विषाणू वेगळा काढला गेला. २००६ मध्ये चीनमध्ये त्याचा फार तीव्र प्रकार उसळला, आणि २०१३ मध्ये मिझोराममध्ये जो साथीचा रोग आला त्यातला विषाणू याच तीव्र प्रकाराच्या जवळचा निघाला. भारतातली ती पहिली नोंद. लसी १९९० च्या दशकापासून आहेत, पण विषाणू सतत बदलतो. एका प्रकारावरची लस दुसऱ्यापुढे लंगडी पडते, त्यामुळे औषधाचा शोध थांबत नाही.

आफ्रिकन स्वाइन फिव्हर का नाही घेतला? २०२० मध्ये तो आसाम-अरुणाचलमध्ये आल्यापासून सगळ्यांना त्याच्यावरच काम करायचं असतं. पण जिवंत विषाणूचं ते काम भोपाळच्या निषादसारख्या उच्च सुरक्षेच्या संस्थेतच होऊ शकतं. साध्या लॅबमध्ये तो आणायचा विचारही करू नका. पीआरआरएसचा विषाणू माणसाला होत नाही आणि दुसऱ्या पातळीच्या जैवसुरक्षेत हाताळता येतो. धोका डुकरांना आहे, म्हणून विषाणू हाताळल्यावर निदान चार-पाच दिवस कुठल्याही डुक्कर-शेडवर जायचं नाही. घरी डुकरं पाळणारा विद्यार्थी असेल तर त्याला हे काम देऊच नये. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची लेखी परवानगी हातात येईपर्यंत फ्रीझर उघडायचा नाही.

पेशी

रोजच्या कामाला मार्क-१४५ या पेशी. आफ्रिकन ग्रीन माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या एमए-१०४ या पेशींमधून निवडलेला हा वाण; त्यात हा विषाणू छान वाढतो. पेशी कुठून आणल्या याची नोंद हवी. पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशी-विज्ञान संस्थेच्या भांडारात आपल्याला हवा तो वाण आहे का, ते आधी पाहा. शेजारच्या लॅबमधून "एक फ्लास्क दे ना" करून आणलेल्या पेशींबरोबर मायकोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जिवाणूही येतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मीडिया (पेशींचं पोषक द्रव) गढूळ होत नाही, पण पेशींचा चयापचय बदलतो आणि विषारीपणाचे आकडे सगळे फसतात. महिन्यातून एकदा पीसीआर करून खात्री करा.

वाढवायला दहा टक्के सीरम, चाचणीच्या वेळी दोन टक्के. सीरमवर दोन शब्द जास्त बोलतो. गाईच्या वासराच्या सीरममध्ये बीव्हीडी, म्हणजे गाईंच्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू सर्रास असतो. तो डुकराच्या क्लासिकल स्वाइन फिव्हरच्या विषाणूचा सख्खा चुलतभाऊ, त्यामुळे त्या रोगावर काम करत असाल तर निकाल पार बिघडवतो. लेबलवर 'तपासलेलं' लिहिलंय म्हणून विसंबू नका, बाटली आली की एकदा आपण तपासा.

पेशींचा पॅसेज क्रमांक, म्हणजे त्या किती वेळा एका फ्लास्कमधून दुसऱ्यात वाढवल्या, तो वहीत लिहा आणि एका प्रयोगमालेत दहा-पंधरा पॅसेजच्या पलीकडे जाऊ नका.

विषाणूचा साठा आणि मोजणी

पेशी ऐंशी टक्के भरल्या की विषाणू घाला. तीन-चार दिवसांत पेशी गोल होऊन, गुच्छ करून सुटायला लागतात. बहुतेक पेशी सुटल्या की फ्लास्क उणे ८० ला गोठवून वितळवायचा, कचरा सेंट्रिफ्यूजने खाली बसवायचा आणि वरचं द्रव छोट्या छोट्या नळ्यांमध्ये भरून पुन्हा उणे ८० ला ठेवायचं. एक नळी एकाच वेळी वापरायची. उरलेलं परत गोठवायचं नाही, कारण प्रत्येक वेळी वितळवताना जिवंत विषाणू कमी होत जातो आणि पुढच्या महिन्यात तुमचा 'तोच' साठा तोच राहत नाही.

मोजणी टीसीआयडी-५० पद्धतीने, म्हणजे निम्म्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यांमध्ये) संसर्ग करणारी मात्रा शोधून. दहा-दहापट पातळ करत जायचं, प्रत्येक पातळीला आठ वेल, पाच दिवसांनी किती वेलमध्ये पेशी मेल्या ते मोजायचं आणि रीड-मेंच किंवा स्पिअरमन-कार्बरच्या सूत्रात घालायचं.

मग एमओआय, म्हणजे एका पेशीमागे किती विषाणू. इथे बऱ्याच जणांचं गणित गडबडतं, म्हणून करूनच दाखवतो. समजा साठ्यात मिलिलिटरला १० लाख टीसीआयडी-५० आहेत. त्याला ०.७ ने गुणलं की प्रत्यक्ष संसर्ग करणारे कण साधारण ७ लाख. एका वेलमध्ये २०,००० पेशी आहेत आणि आपल्याला एमओआय ०.०५ हवाय, म्हणजे वेलमागे १,००० कण. ते १०० मायक्रोलिटरमध्ये द्यायचे तर मिलिलिटरला १०,००० हवेत. ७ लाखांवरून १०,००० वर यायचं म्हणजे साठा ७० पट पातळ करायचा. झालं.

एमओआय फार जास्त ठेवला तर चांगलं औषधही हरतं, फार कमी ठेवला तर पाणीही जिंकतं. ०.०१ ते ०.१ च्या मध्ये राहा आणि सगळ्या प्रयोगांत एकच ठेवा.

औषध विरघळवणं

बहुतेक औषधं डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळतात. चूक होते ती पुढे. मूळ द्रावण एकदा मीडियात घेतलं आणि मग मीडियातच पातळ करत गेलं, की औषधाबरोबर डीएमएसओही प्रत्येक पायरीला कमी होत जातो. सगळ्यात तीव्र वेलमध्ये डीएमएसओ सगळ्यात जास्त, म्हणजे तिथे पेशी औषधाने मेल्या की डीएमएसओने, हे सांगता येत नाही.

म्हणून पातळ करायचं ते डीएमएसओमध्येच. २० मिलिमोलरचं मूळ द्रावण घ्या, डीएमएसओमध्येच तीन-तीनपट पातळ करत सात नळ्या करा. मग प्रत्येक नळीतून ७.५ मायक्रोलिटर दीड मिलिलिटर मीडियात टाका. आता पहिल्यात १०० मायक्रोमोलर औषध, पुढे ३३, ११, ३.७, १.२, ०.४ आणि ०.१४, डीएमएसओ मात्र सगळीकडे सारखाच, अर्धा टक्का.

मीडियात टाकल्यावर नळी उजेडासमोर धरा. धुरकट दिसली तर औषध विरघळलं नाही, खाली बसलं. मायक्रोस्कोपखाली सुयांसारखे स्फटिक दिसतात. अशा वेलमधला आकडा वापरायचा नाही, कितीही सुंदर आला तरी.

एकाच प्लेटवर दोन्ही प्रश्न

९६ वेलच्या प्लेटची कडेची ३६ वेल औषधाला वापरू नका. इन्क्युबेटरमध्ये कडेचं पाणी आधी उडतं आणि पेशी तिथे वेगळ्या वागतात. त्यांत बफर भरा. आत उरतात ६०, सहा ओळी आणि दहा रकाने. माझी मांडणी अशी:

रकाना २ ते ८: औषधाच्या सात पातळ्या, तीव्र ते पातळ.
रकाना ९: रिबाव्हिरिन, ओळखीचं औषध, एकाच ठरावीक पातळीला.
रकाना १०: नुसता अर्धा टक्का डीएमएसओ.
रकाना ११: नुसता मीडिया.
ओळी बी, सी, डी: विषाणू घातलेल्या.
ओळी ई, एफ, जी: विषाणू नाही, बाकी सगळं तेच.

या मांडणीचा सगळा जीव खालच्या तीन ओळींत आहे. वर औषध आणि विषाणू, खाली त्याच पातळीचं औषध, त्याच पेशी, तोच दिवस, तोच इन्क्युबेटर. दहावा आणि अकरावा रकाना शेजारी ठेवला की डीएमएसओने पेशींना काही झालं का, तेही कळतं. रिबाव्हिरिनने मार्क-१४५ मध्ये हा विषाणू रोखला जातो हे माहीत आहे. ते ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवशी प्लेट टाकून द्यायची, कारण दोष औषधात नसून प्रयोगात आहे.

आदल्या संध्याकाळी प्रत्येक वेलमध्ये २०,००० पेशी. सकाळी मीडिया काढा. आधी खालच्या ओळींमध्ये साधा मीडिया घाला आणि मगच वरच्या ओळींमध्ये विषाणू. उलट केलंत तर एखादा थेंब उडून खालची ओळ बाधते. दर वेळी टिप बदला. एक तास ३७ अंशाला. मग विषाणू काढून, एकदा धुऊन, औषधाचा मीडिया २०० मायक्रोलिटर. ७२ तास.

विषारीपणा: माझी फजिती

ही मांडणी मी पुस्तकातून घेतली नाही. शिकाऊ असताना एका रसायनाने मला तीन लॉगची घट दाखवली, म्हणजे हजारात एक विषाणू उरला होता. तीन वेळा केलं, तीनदा तेच. आमच्या मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. "विषारीपणा किती तासांवर मोजलास?"

"चोवीस."

"आणि विषाणू?"

"बहात्तर."

"मग उरलेले अठ्ठेचाळीस तास पेशी काय करत होत्या?"

त्या दिवशी फक्त औषध घातलेली प्लेट ७२ तासांवर पाहिली. वेलच्या तळाला पेशींची चादर असायला हवी तिथे अंतरावर बसलेल्या, आखडलेल्या, कडा काळवंडलेल्या पेशी. चोवीस तासांवर त्या ठीकच होत्या, नंतर हळूहळू गेल्या. सहा महिन्यांचं काम वहीत राहिलं. तेव्हापासून विषारीपणा आणि परिणाम एकाच प्लेटवर, एकाच घड्याळावर.

मोजायला एमटीटी स्वस्त आणि सगळीकडे मिळतं. जिवंत पेशी पिवळं एमटीटी जांभळं करतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरवर वाचायचं. पण एमटीटी जीव मोजत नाही, चयापचयाचा वेग मोजतं. औषधाने पेशी नुसत्या सुस्तावल्या तरी आकडा पडतो. उलट हळदीतलं कर्क्युमिन किंवा क्वेर्सेटिनसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्यं पेशींशिवायच एमटीटी जांभळं करू शकतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. म्हणून पेशी नसलेल्या दोन वेलमध्ये औषध आणि एमटीटी घालून बघा, त्यासाठी कडेची वेल चालतील. रंग आला तर पद्धत बदला, एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं रसायन, मोजणारं किट घ्या. आणि काही झालं तरी आकडा वाचण्याआधी मायक्रोस्कोपला डोळा लावा. खालच्या ओळी आधी पाहायच्या, वरच्या नंतर.

ज्या पातळीला निम्म्या पेशी मरतात ती सीसी-५०. पण परिणामाचा दावा त्याच्या कितीतरी खालच्या, नव्वद टक्के पेशी सुखरूप असलेल्या पातळीवरूनच करायचा.

विषाणू खरंच कमी झाला का

मेलेल्या पेशी मोजून पहिली चाळणी लागते. त्यातून जे औषध पार पडेल त्यासाठी २४ वेलच्या प्लेटवर वेगळा प्रयोग करा, २४ आणि ४८ तासांना वरचं द्रव काढा आणि दोन रीतींनी मोजा: टीसीआयडी-५० ने जिवंत विषाणू आणि क्यूपीसीआरने, म्हणजे प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरने, विषाणूच्या एन प्रथिनाच्या जनुकाचा आरएनए.

दोन्ही का? कारण क्यूपीसीआर मेलेल्या विषाणूचा आरएनएही मोजतं. रिबाव्हिरिन किंवा फॅव्हिपिराव्हिरसारखी औषधं विषाणूच्या आरएनएमध्ये चुका पाडू शकतात. आरएनए बनतो, पण त्यातून धड विषाणू होत नाही. अशा वेळी क्यूपीसीआर 'फारसा फरक नाही' म्हणतं आणि टीसीआयडी-५० दोन लॉगची घट दाखवतं. उलटंही घडतं. सीटी, म्हणजे किती फेऱ्यांनंतर क्यूपीसीआरला आरएनए दिसला तो आकडा, साधारण ३.३ ने वाढला की आरएनए दहापट कमी झाला असं समजा. आणि 'नव्वद टक्के घट' ऐकून हुरळू नका. ती एक लॉगची घट आहे, आणि टीसीआयडी-५० मधली चूकच कधी कधी अर्ध्या लॉगची असते.

इथे एक छुपा खड्डा आहे. काढलेल्या द्रवात औषधही असतं. ते द्रव दहापट पातळ करून ताज्या पेशींवर घातलं की औषधही त्यांच्यावर पडलं. मग पेशींमध्ये विषाणू वाढत नाही, आणि आपण समजतो की तो नव्हताच. उपाय सोपा आहे: औषध न दिलेल्या वेलचा विषाणू घ्या, मोजणीच्या ऐन वेळी त्यात तेवढंच औषध मिसळा आणि मोजा. आकडा तोच आला तर निर्धास्त. पडला तर शंभरपट पातळीपासून मोजणी सुरू करा.

ज्या पातळीला विषाणू निम्मा होतो ती ईसी-५०, आणि सीसी-५० भागिले ईसी-५० म्हणजे निवड-निर्देशांक. समजा एका औषधाची सीसी-५० आहे ८० आणि ईसी-५० आहे ४. निर्देशांक २०, पुढे न्यायला हरकत नाही. दुसऱ्याची ३० आणि १२, निर्देशांक अडीच. हे औषध विषाणूला मारता मारता पेशीचाही गळा धरतंय, बाद. दहाच्या खाली मी पुढे जात नाही. कोणी पाचावर जातं, त्यांच्याकडे कारण असेल.

तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर केलेले ते तीन प्रयोग.

काढे आणि अर्क

आपल्याकडे निम्मे प्रबंध गुळवेल, कडुनिंब, अडुळसा यांवर असतात. माझा त्याला विरोध नाही. वनस्पतींमधून औषधं निघालीच आहेत. पण अर्क तपासणं हे शुद्ध रसायनापेक्षा अवघड काम आहे आणि आपण ते सोपं समजतो.

अर्क मीडियात घातला की मीडियाचा गुलाबी रंग पिवळा झाला का बघा. झाला असेल तर पीएच उतरला, आणि आवरण असलेला हा विषाणू आम्लात टिकत नाही. म्हणजे अडुळशाने काहीच केलं नाही, आंबटपणाने केलं. टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, भरपूर असलेले अर्क प्रथिनांना चिकटतात, विषाणूच्या आवरणालाही आणि सीरमलाही. नळीत जोरदार परिणाम, जनावराच्या रक्तात शून्य. हिरव्या अर्काचा रंग एमटीटीच्या वाचनात घुसतो. शिवाय यंदाचा पाला आणि गेल्या वर्षीचा पाला सारखा नसतो. पीएच जुळवा, ०.२२ मायक्रॉनने गाळा, टॅनिन काढून टाकलेला अर्कही शेजारी तपासा, वनस्पतीचा नमुना ओळख पटवून जतन करा. एवढं करायची तयारी नसेल तर अर्काच्या नादी लागू नये.

औषध कुठे घाव घालतं

परिणाम खरा ठरला की औषध कधी दिल्यावर चालतं ते बघायचं. इथे एमओआय १ च्या आसपास हवा, म्हणजे बहुतेक पेशी एकदमच बाधतात, आणि विषाणूचं पहिलं चक्र संपेल तेवढ्यातच द्रव काढायचं. औषध संसर्गाच्या दोन तास आधी, संसर्गाबरोबर, आणि मग २, ४, ६, ८ तासांनी. आधी किंवा बरोबर दिलं तरच चालतं असं दिसलं तर ते विषाणूला पेशीत शिरू देत नाही. सहा तासांनी देऊनही चालत असेल तर आत, आरएनएच्या छपाईत घाव आहे.

विषाणूलाच थेट मारतं का, ते वेगळं बघा: विषाणू आणि औषध तासभर एकत्र ठेवा, मग इतकं पातळ करा की औषध निष्प्रभ होईल, आणि मोजा. पेशीला चिकटणं तपासायचं तर ४ अंशाला, कारण त्या थंडीत विषाणू चिकटतो पण आत जात नाही. नंतर ३७ ला आणलं की आत शिरण्याचा टप्पा सुरू होतो.

विषाणूच्या एखाद्या प्रथिनाला नेमकं धरणारं औषध असेल तर कमी पातळीपासून सुरू करून वाढवत वाढवत त्यात विषाणूचे पंधरा-वीस पॅसेज करा. औषधाला दाद न देणारा विषाणू तयार झाला आणि त्यात ठरावीक बदल सापडला, तर औषध कुठे बसतं याचा याहून पक्का पुरावा नाही.

माकडाच्या पेशीवरून डुकराच्या पेशीवर

मार्क-१४५ ही माकडाच्या मूत्रपिंडाची पेशी. डुकरात हा विषाणू फुप्फुसातल्या मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये, सीडी-१६३ या प्रथिनाच्या दारातून शिरतो. करोनाच्या काळात सगळ्यांनी पाहिलं की क्लोरोक्विन माकडाच्या व्हेरो पेशीत छान चाललं, पण माणसाच्या फुप्फुसाच्या कालू-३ पेशीत अजिबात नाही. कारण विषाणूचं आत शिरण्याचं दारच तिथे वेगळं होतं. काही औषधं तर व्हेरो पेशी बाहेरच ढकलतात. विषाणूनाशक म्हणून दिसलेली कितीतरी रसायनं नुसता पेशीत चरबीचा गोंधळ, फॉस्फोलिपिडोसिस, करत होती, हेही तेव्हाच कळलं.

म्हणून डुकराच्या फुप्फुसातल्या मॅक्रोफेजवर, आम्ही ज्यांना 'पॅम' म्हणतो, पुन्हा तपासल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. चार ते आठ आठवड्यांच्या, या विषाणूपासून आणि मायकोप्लाझ्मापासून मुक्त पिल्लांची फुप्फुसं बफरने धुऊन त्या काढतात. धुताना पाणी फेसाळतं, पण रक्ताळायला नको. रक्त जास्त असेल तर ती बॅच बाजूला ठेवा. एका पिल्लाच्या पेशी दुसऱ्यासारख्या वागत नाहीत, तेव्हा निदान तीन पिल्लांच्या पेशींवर करा. या पेशी विभागत नाहीत, म्हणून त्यांची सीसी-५० नव्याने काढायची. मार्क-१४५ ची चालत नाही.

इथेच पीआरआरएसचा दुसरा प्रकारही घ्या. युरोपीय आणि अमेरिकी, म्हणजे पीआरआरएसव्ही-१ आणि २, हे आता वेगळे विषाणूच मानले जातात. पहिल्याचे कितीतरी वाण मार्क-१४५ मध्ये नीट वाढतच नाहीत, ते पॅममध्येच तपासावे लागतात. दोन्हींवर चाललं तर औषधाला दम आहे.

डुकरांवर

आधी विषाणूशिवायच एका-दोन डुकरांना औषध देऊन रक्तात किती चढतं ते मोजा. ईसी-९०, म्हणजे विषाणू नव्वद टक्के कमी करणारी पातळी, तिच्या वर ते निदान काही तास राहत नसेल, तर पिल्लांना संसर्ग देणं अन्याय आहे. मोठ्या जनावरांच्या प्रयोगाला सीसीएसईएची, म्हणजे प्राणी-प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीची मंजुरी लागते. जनावर कोणत्या लक्षणाला शांतपणे मुक्त करायचं, हे अर्जात आधीच लिहायचं असतं, ते आयत्या वेळी ठरवत नाहीत.

तीन-चार आठवड्यांची, दूध तोडलेली पिल्लं, एलायझा (रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी) आणि पीसीआर दोन्हींत निगेटिव्ह. चार गट: काहीच नाही, फक्त विषाणू, विषाणू आणि औषध, फक्त औषध. चौथा गट पैसे वाचवायला सगळ्यात आधी कापला जातो. कापू नका, प्लेटच्या खालच्या तीन ओळी म्हणजे हाच गट. वजन आणि आई बघून पिल्लं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटा. एकाच आईची सगळी एका गटात गेली तर औषधाऐवजी आई तपासली जाईल.

औषध कधी सुरू करायचं, यावर खरा वाद असतो. संसर्गाच्या आदल्या दिवशी दिलं तर निकाल देखणे येतात. पण शेतकरी येतो तो डुकरं तापल्यावर, खाणं सोडल्यावर. संसर्गानंतर दुसऱ्या दिवशी औषध सुरू करून जे दिसेल तेच त्याच्या कामाचं.

रोज गुदद्वारातला ताप, ४० अंशांच्या वर गेला की खूण. रक्त ०, ३, ७, १०, १४ आणि २१ व्या दिवशी, दर आठवड्याला वजन. शवविच्छेदनात फुप्फुसावरचे डाग कोणता गट हे माहीत नसलेल्या माणसाने मोजायचे. मोजणाऱ्याला माहीत असलं की हात आपोआप कमी लिहितो. टॉन्सिल आणि लसीकाग्रंथीचेही नमुने घ्या. रक्तातून गेलेला हा विषाणू तिथे महिनोन्‌महिने दडून राहतो, आणि पुढच्या खेपेची पिल्लं त्याच डुकरांमुळे बाधतात. एका कप्प्यातली पाच पिल्लं एकमेकांना बाधतात, म्हणून आकडेवारीत ती पाच स्वतंत्र जनावरं नव्हेत. हे सांख्यिकीवाल्याला प्रयोग सुरू होण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागते. माणसाला लागणारं औषध डुकराला द्यायचं का? २००५ मध्ये चीनमध्ये कोंबड्यांना अमँटाडिन हे माणसाच्या फ्लूचं औषध दिलं गेल्याचं उघड झालं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये कोंबड्या, टर्की आणि बदकांना फ्लूची मानवी औषधं द्यायला बंदी केली. रेमडेसिव्हिर चाललं तरी ते शेडवर जाणार नाही, आणि ऐंशी किलोच्या डुकरिणीला त्याचा खर्चही परवडणार नाही. शिवाय मांसात औषध किती दिवस राहतं हे मोजल्याशिवाय डुक्कर बाजारात पाठवता येत नाही. मी प्रयोगाच्या पहिल्याच पानावर तीन ओळी लिहून घेतो: किलोमागे डोस, डोसची किंमत, माणसात वापर आहे की नाही. तिसऱ्या ओळीत 'आहे' आलं तर ते औषध फक्त तुलनेसाठी ठेवायचं.

प्लेट धुण्याआधी

वापरलेल्या प्लेट १२१ अंशाला वीस मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. त्याआधी प्रत्येक प्लेटचा फोटो काढून ठेवा, वरच्या ओळींचा आणि खालच्या ओळींचा वेगवेगळा, आणि फाइलला तारीख आणि पॅसेज क्रमांक द्या. पुढच्या वर्षी परीक्षक "नुसत्या औषधात पेशी कशा होत्या?" असं विचारतील, तेव्हा तो फोटो उघडून दाखवता येतो.